घोटायचा राहिलेला चौकोन

मित्रांनो, त्या मंगळवारी सकाळी माझ्या अंगावर केक होता. आदल्या संध्याकाळी कुणाचा तरी चाळिसावा वाढदिवस झाला होता. मित्रांनी त्याच्या तोंडाला केक फासला, तो हसत हसत मागे सरला आणि तोंड पुसायला जे हाताशी सापडलं ते त्याने वापरलं. ते म्हणजे मी. सकाळपर्यंत केक वाळला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. खाली डब्यांतून उडवलेल्या फेसाचे पिवळट चट्टे पडले होते. कोपऱ्यातल्या कुंडीमागे कुणीतरी, संडासापर्यंत जायचा कंटाळा करून, जे करायचं ते उरकलं होतं.

मी एक जुनी भिंत आहे. माझ्या विटा जुन्या आहेत, चेहरा मात्र सहाच वर्षांचा. तो चुन्याचा आहे. ज्या इमारतीत मी उभी आहे ती आता समारंभांना भाड्याने देतात. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या पार्ट्या, गाण्याचे कार्यक्रम. मी मोठ्या दालनाची मुख्य भिंत. मंच माझ्यापुढे उभारतात आणि फोटो माझ्यासमोर काढतात, म्हणून सगळी घाणही माझ्याच वाट्याला येते.

तर तो मंगळवार. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आठ वाजता गोटाबाई आली. माझ्या बरोबर समोर मोठं दार आहे, त्यामुळे येणारं-जाणारं माणूस मला दिसतं. दारातल्या हजेरीच्या यंत्रावर तिने अंगठा ठेवला आणि यंत्राने नेहमीप्रमाणे नकार दिला. सगळी हयात चुन्यात हात घालून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. वॉचमनकाकांनी नेहमीप्रमाणे वहीत तिच्यापुढे ‘पाहुणी’ असं लिहिलं.

“पाहुणी लिहिलंत काका, तर चहा तरी पाजा,” ती म्हणाली. हेही नेहमीचंच.

पण ती कोण हे कळायला हवं असेल, तर आधी मला माझं सांगायला हवं.

मला बांधली ती तारघरासाठी. त्या काळी दूरच्या माणसाला निरोप द्यायचा तर तार करत. माझ्यापुढे लांब टेबलं होती, त्यांवर दिवसभर कट्टकट्ट करणारी यंत्रं. लोक खिडकीशी उभे राहून मजकूर लिहीत, मग एकेक शब्द खोडत, आणि खोडून खोडून जे उरे तेवढं पाठवत. ‘मुलगी झाली. दोघी सुखरूप.’ ‘आई गेली. निघ.’ एवढंच. माणसं महत्त्वाचं असेल तेव्हा थोडक्यात बोलतात, असा माझा तेव्हा समज झाला. पुढे भाषणं ऐकायची वेळ आली तेव्हा तो समज पक्का झाला.

मग तारा बंद झाल्या. टेबलं गेली, जुन्या कागदांचे गठ्ठे आले, गठ्ठ्यांना वाळवी लागली, तेही गेले. छपराच्या भोकातून कबुतरं आली आणि पाणी आलं. माझा पहिला गिलावा फुगून, सुटून, तुकड्या-तुकड्यांनी खाली पडला. उघड्या विटांनी मी कित्येक वर्षं उभी होते. मला त्या वर्षांचा राग नाही. कबुतरं निदान कबुतरांसारखी वागत होती.

सहा वर्षांपूर्वी सध्याच्या मालकांनी इमारत घेतली आणि दुरुस्ती सुरू झाली. मिस्त्रींनी सांगितलं, सिमेंट चालणार नाही, जुन्या विटांना चुनाच हवा, आणि चुना घोटणारी एकच बाई उरलीय. ती गोटाबाई. हे नाव गवंड्यांनी ठेवलेलं. तिच्या पिशवीत एक काळा गुळगुळीत गोटा असे, नदीतला, तळहातात मावेल एवढा. तो तिच्या आईचा होता.

तिचं काम बघण्यासारखं होतं. मागच्या अंगणात खड्डा करून तिने चुना महिनोन्‌महिने पाण्याखाली मुरवला. रोज सकाळी खड्ड्याशी वाकून वास घ्यायची आणि ‘अजून कच्चा आहे’ म्हणून निघून जायची. मिस्त्री चिडायचे. शेवटी एक दिवस म्हणाली, ‘झाला.’ मग माझ्यावर तीन थर चढले. पहिला जाड, दुसरा बारीक, तिसरा दुधावरच्या सायीसारखा. तिसरा थर दुपारी लावायचा, त्यावर रात्रभर ओलं पोतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोतं काढून गोट्याने घोटायचा. एकदा हात लावला की मधे थांबायचं नाही, थांबलं की सांधा दिसतो. आणि वेळ टळली की संपलं. वाळलेल्या चुन्यावर गोटा फिरवणं म्हणजे दगडावर दगड घासणं. त्याला चमक कधीच येत नाही.

दुपारी तिची मुलगी डबा घेऊन यायची. शिकत होती. उपड्या बादलीवर बसून पुस्तक वाचायची, आई जेवेपर्यंत. एकदा गोटाबाईने तिच्या हातात गोटा दिला आणि खिडकीखालचा दोन तळव्यांएवढा ओला तुकडा दाखवला.

“हलक्या हातानं. झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा.”

मुलीने जोर लावला. त्या तुकड्यावर लाटा उमटल्या. ती म्हणाली, पुसून टाक, नव्याने कर. गोटाबाई डबा पुसत म्हणाली, “राहू दे. तुझी सही आहे ती.” त्या लाटा अजून आहेत. खाली वाकून, तिरकं पाहिलं तरच दिसतात.

दालन उघडलं त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. लोक माझ्यावरून हात फिरवून विचारत होते, संगमरवर आहे का. मालकांनी भाषणात सांगितलं, या भिंतीसाठी आम्ही खास परदेशातून कारागीर आणले. गोटाबाई मागच्या रांगेत धुतलेल्या कपड्यांत उभी होती. ती मिस्त्रींच्या कानाशी लागून म्हणाली, “मी कुठल्या देशातून आले ते जरा विचारून या.” मिस्त्रींना ठसका लागला.

दोन वर्षांनी, मिस्त्री आणि गवंडी केव्हाच पांगल्यावर, तीच मुलगी इथे मॅनेजर म्हणून लागली. मुलाखत माझ्यासमोरच झाली. आई काय करते हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्यात खोटं काही नव्हतं. मग एका सजावटवाल्याने माझ्यात सतरा खिळे ठोकले, ते काढून भोकं बुजवायला गोटाबाईला बोलावलं. ती आत आली तेव्हा मालक आणि मुलगी शेजारी शेजारी उभे होते. मालक म्हणाले, या आमच्या मॅनेजर मॅडम. गोटाबाईने मुलीकडे पाहिलं. मी मोजत नव्हते, पण एका तारेचा मजकूर होईल एवढा वेळ ती आई थांबली. मग तिने हात जोडले.

“नमस्कार मॅडम.”

आणि मॅडमनी मान हलवली.

तेव्हापासून हे असंच सुरू राहिलं. दालन रिकामं असेल तेव्हा गोटाबाई खालच्या आवाजात म्हणायची, “येताना किल्ली विसरू नका मॅडम, मी आज लवकर झोपणारे.” मुलगी हसायची. दोघींनी त्याची थट्टा करून टाकली होती. पण बघायला पाहुणे आले की मुलगी माझ्यापुढे उभी राहून ते वाक्य म्हणायची, ‘ही भिंत परदेशी कारागिरांनी जुन्या पद्धतीने घडवली आहे.’ इतक्या सफाईने म्हणायची की तिला ते ऐकू येईनासं झालं असावं. मित्रांनो, केकची किळस धुऊन जाते. त्या वाक्याची गेली नाही.

समारंभांबद्दल काय सांगू? लोक हे दालन त्याच्या जुनेपणासाठी घेतात आणि मग त्याचा जुनेपणा झाकायला कारागीर आणतात. थर्माकोलची हृदयं, प्लास्टिकची फुलं, चिकटपट्ट्या. त्या ओरबाडून काढल्या की माझी कातडी सोबत जाते. तेल लावलेली डोकी टेकून माझ्यावर गोल डाग पडलेत. कुणी चघळून झालेलं च्युइंगगम माझ्यात दाबतं आणि बोट मलाच पुसतं. धूर सोडायच्या यंत्राचा गोडसर, चिकट वास तीन-तीन दिवस जात नाही. ‘वारसा जपला पाहिजे’ असं माईकवर म्हणणारे गृहस्थ खाली उतरून माझ्या कोपऱ्यात थुंकलेले मी पाहिले आहेत. स्वच्छ कपड्यांतल्या माणसांची घाण जास्त घाण वाटते, का ते माहीत नाही.

गाण्याच्या कार्यक्रमांना भिंतीएवढे स्पीकर येतात. त्यांच्या धडधडाटाने माझ्या पोटातल्या विटा हलतात आणि लोक त्याला मजा म्हणतात. एकदाच एक म्हातारे गायक आले. त्यांनी माईक बंद करायला सांगितला, मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि तो आवाज विरेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले. मग गायले. मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं की मी कशी आहे. नंतर त्यांनी मॅडमना विचारलं, ही भिंत कुणी केली? आवाज परत देते, पण ओरबाडत नाही. मॅडमनी ते वाक्य म्हटलं. ते म्हणाले, ज्यांनी केली त्यांना माझा नमस्कार कळवा. मॅडम हो म्हणाल्या.

गेल्या वर्षी मुख्य सजावटवाल्याने मालकांना पटवलं की मला मोत्यासारखा चकाकणारा तेलाचा रंग द्यावा, फोटो उजळ येतील. बैठक माझ्यासमोर झाली. मालकांनी विचारलं, मॅडम, तुम्हाला काही अडचण? मुलगी कागदाकडे बघत राहिली. चुन्यावर तेलाचा रंग लावला की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत कुजते, हे या खोलीत फक्त तिला माहीत होतं. चालायला लागली तेव्हापासून माहीत होतं. पण हे तुम्हाला कुठून माहीत, असं कुणी विचारलं असतं तर?

“नाही,” ती म्हणाली आणि सही केली.

पुढचे चार महिने सांगायला मला लाज वाटते. रंगाखाली घाम साचला. फोड आले, फोडांत पाणी झालं, त्याला कुबट वास सुटला. मग कुणाच्या तरी लग्नाच्या पंचविशीला एक बशीएवढा पोपडा सुटला आणि थेट प्रमुख पाहुण्यांच्या सूपमध्ये पडला. पाहुण्यांनी चमच्याने तो बाजूला केला आणि मालकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गोटाबाईला बोलावलं. तिने बोटाच्या पेराने मला ठिकठिकाणी ठोकून पाहिलं, नाक लावून वास घेतला. सजावटवाला घाईघाईने म्हणाला, माझा दोष नाही, मॅडमची सही आहे. मॅडम तीन पावलांवर उभ्या होत्या.

“मॅडमना काय कळतंय चुन्यातलं,” गोटाबाई म्हणाली. “त्यांना नका बोलू.”

मुलगी वळून ऑफिसात गेली. दार लावल्याचा आवाज आला.

गोटाबाईने तो रंग हाताने खरवडला. समारंभ थांबवायचे नव्हते, म्हणून दोन कार्यक्रमांच्या मधल्या दिवसांत, पट्ट्यापट्ट्यांनी. तिची बोटं फुटली, तिने त्यांना चिंध्या बांधल्या. खरवडायचं, तीन थर, ओलं पोतं, गोटा. मला पुन्हा श्वास येऊ लागला. शेवटी मंचाच्या उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर, हातभर लांब-रुंद एक चौकोन उरला. तो त्या मंगळवारचा.

आधी तिने ओल्या फडक्याने केक पुसला. कुंडीमागचंही धुतलं, तिचं काम नसताना. मला म्हणाली, “शी. काय गं दशा केलीय तुझी.” दुपारपर्यंत शेवटचा थर लागला, पोतं चढलं. ती उपड्या बादलीवर बसली. मुलगी फोनवर बोलत आली, आईकडे पाहून तिने फोन ठेवला. दालनात तिसरं कुणी नव्हतं.

“दम लागलाय तुला.”

“बादली जुनी झाली, जड लागते.”

“बादली?”

“बरं, मी.”

मुलगी हसली नाही. खाली बसली, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, त्या फेसाच्या चट्ट्यांवर. आईच्या बोटांवरची एक चिंधी सुटली होती, ती तिने पुन्हा बांधली. मग म्हणाली, ऐक ना. गोटाबाई म्हणाली, बोल. तेवढ्यात मोठं दार उघडलं आणि मालक कुणा गिऱ्हाइकाला घेऊन आत आले. मुलगी उठून उभी राहिली, कपडे झटकले. गोटाबाईही उठली. तिने गोटा खिडकीत ठेवला, उद्यासाठी.

“येते मॅडम. पोत्यावर पाणी तेवढं मारायला सांगा. उद्या दहाच्या आत घोटायला हवा.”

“सांगते,” मुलगी म्हणाली. कुणाला सांगितलं नाही. निघण्याआधी तिने स्वतःच तांब्या भरून आणला आणि पाणी मारलं.

बुधवारी दहा वाजले. गोटाबाई आली नाही. साडेदहाला पोतं कडेने वाळायला लागलं. अकराला सजावटवाल्यांनी ते काढून बाहेर फेकलं. दारात वॉचमनकाका झाडूवालीला सांगत होते, गोटाबाई पहाटे गेली, चहा ठेवला होता म्हणे गॅसवर. झाडूवाली खाली बसली. काका पुढे म्हणाले, मॅडमच्याही घरी कुणीतरी गेलंय म्हणे. एकाच दिवशी दोन.

मित्रांनो, चौकोन तासाभरात वाळला. मी काही करू शकत नव्हते.

नऊ दिवसांनी मुलगी आली. सकाळी, कुणी यायच्या आधी. तिने खिडकीतला गोटा उचलला आणि त्या चौकोनावर ठेवला. हलक्या हाताने फिरवला. खर्र असा आवाज आला आणि पांढरी भुकटी पडली. तिने आणखी एकदा फिरवला. मग थांबली आणि कपाळ माझ्यावर टेकलं. त्या कपाळाचा डाग पडला असेल तर पडू दे.

आता तुम्हाला एकच सांगायचं आहे. कुठल्याही भिंतीला खिळा ठोकण्याआधी, काही चिकटवण्याआधी, हात पुसण्याआधी, तिच्यावरून एकदा तळवा फिरवून बघा. ती गुळगुळीत असेल तर ती आपोआप तशी झालेली नाही. ती कुणाच्या हातून झाली ते विचारा, आणि कळलं की ते नाव लपवू नका. माझ्यावरच्या सगळ्या घाणीपेक्षा मला तेच जास्त लागलं आहे.

त्याच दिवशी अकरा वाजता मालक एका लग्नाच्या जोडप्याला दालन दाखवायला घेऊन आले. नवरीची आईही होती. ती माझ्यावरून हात फिरवत चालत आली आणि त्या चौकोनापाशी तिचा हात अडला. म्हणाली, हा डाग कसला? मालक लगेच म्हणाले, काळजी नको, तिथे फुलांचं पॅनेल येईल, दिसणार सुद्धा नाही. आणि मॅडमकडे बघून त्यांनी मान हलवली. म्हणजे ते वाक्य म्हणा.

“ही भिंत,” मॅडमनी सुरुवात केली, “परदेशी…”

त्या थांबल्या. मालक हसत वाट बघत होते. मॅडमच्या मुठीत अजून तो गोटा होता. त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला, जणू जड झाला होता.

“नाही. परदेशातून कुणी आलं नव्हतं,” ती म्हणाली. तिचा आवाज माझ्यावर येऊन सगळ्या दालनात नीट पोचत होता. दारातल्या वॉचमनकाकांपर्यंत. “तेलाचा रंग लावायच्या कागदावर सही माझी होती, आणि त्याने भिंत कुजणार हे मला माहीत होतं. इथं एक गायक आले होते, त्यांनी भिंत करणाऱ्याला नमस्कार सांगितला होता. तो मी पोचवला नाही. हा डाग नाही. हा चौकोन घोटायला ती बुधवारी येणार होती. तिला इथं सगळे गोटाबाई म्हणायचे.”

काकांनी वही मिटली.

“ती माझी आई.”